गल्लीतील मेज

आमच्या खारघरच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा नोकरीनिमित्त लिस्बनला असतो. गेल्या जून महिन्यात त्याने घरी एक छायाचित्र पाठविले आणि रविवारची मिस्सा आटोपल्यावर त्याच्या आईने ते आम्हांस मोठ्या कौतुकाने दाखविले. दगडी फरसबंदीची एक अरुंद चढण; दोन्ही बाजूंस जुनी, उंच, एकमेकांना रेलून उभी असलेली घरे; वर आडव्या बांधलेल्या रंगीत कागदी माळा; आणि त्या चढणीवरच मांडलेली मेजे. एका खाणावळीच्या दारात शेगडीवर मासे भाजले जात होते. म्हातारेकोतारे, तरुण मंडळी, लेकुरवाळ्या स्त्रिया दाटीवाटीने बसून जेवत होत्या.

"फादर, असे रस्त्यात मेज मांडून सगळ्यांनी जेवायची पद्धत आपल्याकडे का नाही हो?" त्या मुलाच्या धाकट्या बहिणीने विचारले.

"आपल्याकडे जूनमध्ये पाऊस असतो ना!" असे म्हणून आम्ही हसलो आणि विषय संपविला. परंतु विषय संपला नव्हता. त्या मुलीला आम्ही दिलेले उत्तर खोटे नसले, तरी अपुरे होते, हे आम्हांस ठाऊक होते. प्रस्तुत लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर होय.

छायाचित्रातील ती वस्ती म्हणजे लिस्बनचा अल्फामा हा जुना भाग. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यातून अल्फामाच्या गल्ल्या बऱ्याच अंशी वाचल्या. आपण ज्यांना पदुआचे संत अंतोनी म्हणून ओळखतो, ते जन्माने लिस्बनचे. १३ जूनला त्यांचा सण येतो आणि त्याच्या आदल्या रात्री अल्फामाच्या गल्ल्यांत तारल्यांसारखे सार्दिन मासे भाजून, पावाच्या तुकड्यावर ठेवून खाण्याची चाल आहे. त्याच तिथीला आपल्या कोकणात बहुधा मृगाचा पाऊस लागलेला असतो. तेव्हा पावसाचे आमचे कारण अगदीच निराधार नव्हते.

मात्र पाऊस चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांचे काय? शिवाय उघड्यावर जेवणे आपल्या लोकांना मुळीच परके नाही. शेताच्या बांधावर सोडलेली भाकरी, हुरड्याची मेजवानी, जत्रेतील पाले, लग्नाच्या मांडवातील जेवणावळ, हे सारे आभाळाखालचेच. वसईच्या आपल्या ख्रिस्ती घरांतही लग्नाचे जेवण आजोबा-पणजोबांच्या काळापासून मांडवातच होत आले. अडचण आभाळाची नव्हती. अडचण होती ती शेजारी कोण बसणार याची. मराठी भाषेने त्यासाठी एक नेमका शब्द घडविला आहे: पंक्तिप्रपंच. एकाच जेवणात कोणाला आत, कोणाला बाहेर, कोणाला आधी, कोणाला उरलेसुरले, ही जी वाटणी, तिचे हे नाव. ज्या समाजाला असा शब्द घडवावा लागतो, त्या समाजाने हे दुःख पुष्कळ भोगलेले असते.

युरोपातही आज चित्रांत दिसणारी ही मेजे आपोआप अवतरली नाहीत. व्हेनिसच्या संत मार्कच्या चौकात १७२० साली उघडलेले फ्लोरियन हे कॉफीगृह आजही दाखविले जाते. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओस्मान या अधिकाऱ्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि त्यांच्या प्रशस्त पदपथांवर कॉफीगृहांच्या खुर्च्या पसरल्या. म्युनिकची कथा आणखी गमतीची आहे. तेथील मद्यनिर्माते जमिनीखालच्या तळघरांत बिअर साठवीत आणि ती थंड राहावी म्हणून वर दाट सावलीची चेस्टनटची झाडे लावीत. त्या सावलीत बसून लोक पिऊ लागले. गावातील खाणावळवाल्यांनी धंदा बुडतो म्हणून तक्रार केली. तेव्हा १८१२ साली बव्हेरियाच्या राजाने निवाडा दिला: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज अन्न विकू नये. परिणामी लोक घरून शिदोरी आणू लागले आणि अनोळखी माणसांशेजारी लांब बाकांवर बसून ती सोडू लागले. जुन्या पद्धतीच्या बागांतून ही मुभा आजही आहे. रस्त्यातील मेजाला चांगले हवामान हवे, रुंद पदपथ हवा, हे खरेच. परंतु त्याहून अधिक एक संमती हवी. मी काय खातो आणि कोणाबरोबर खातो हे येणाऱ्याजाणाऱ्याने पाहिले तरी मला भय नाही, ही ती संमती.

अशी मेजे आपल्या जवळपास कोठे पाहावयास मिळतील, असा विचार करता पणजीचे नाव पुढे आले. गेल्या जानेवारीत धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही गोव्यास गेलो. खारघरहून पनवेल गाठून मुंबई-गोवा महामार्गाने निघालो. पेण, वडखळ, नागोठणे, माणगाव मागे टाकीत महाडला चहासाठी थांबलो. महाडविषयी पुढे लिहावयाचे आहे. आत्ता एवढेच सांगतो की, तेथे आम्ही चहा घेतला, पण गावात शिरलो नाही. पुढचा पल्ला लांबचा होता.

पणजी हे जुन्या गोव्याच्या मानाने नवे शहर. रोगराईने जुने गोवे ओस पडत गेले, १७५९ साली विजरईचा मुक्काम पणजीस हलला आणि १८४३ साली ती रीतसर राजधानी झाली. या शहराच्या पूर्वेस, आल्तिनो टेकडीचा पायथा आणि ओरेमची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात फोंताईन्यास ही वस्ती आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून तिला हे नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून धनवान होऊन परतलेल्या एका गोमंतकीयाने येथे माड लावले. लोक त्यास मोस्मीकार म्हणत. माडांच्या जागी पुढे घरे आली. पिवळी, निळी, तांबडी, कौलारू, खिडक्यांना पांढरी किनार, वर छोटे सज्जे. पांढरा रंग चर्चसाठी राखावा आणि घरे पावसाळ्यानंतर रंगवून घ्यावीत, असा तेथील जुना रिवाज.

३१ जानेवारी या नावाच्या रस्त्यालगत एका जुन्या घरात खाणावळ आहे. तिच्या बाजूच्या गल्लीत चार-पाच मेजे मांडलेली होती. सायंकाळ झाली होती. आम्ही बारा जण दोन मेजे जोडून बसलो. एका बाजूस कोणाच्या तरी घराची पायरी, तिच्यावर तुळशीच्या नव्हे तर जास्वंदीच्या कुंड्या. दुसऱ्या बाजूस रंग उडालेली भिंत. पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत गेला. शेजारच्या मेजावर एक वृद्ध परदेशी जोडपे, पलीकडे कोल्हापूरकडची काही तरुण मुले. आमच्यातील एका काकूंनी डोक्यावरचा पदर सावरून हळूच विचारले, "फादर, असे वाटेत बसून जेवायचे?" दहा मिनिटांनी त्याच काकू पलीकडच्या मुलांना मासळी कशी सोलावी हे दाखवीत होत्या.

जेवण आले. प्रिय वाचकहो, त्या ताटात काय होते ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आमचा इतिहास त्या ताटातच होता. उंडो आणि पोळी हे दोन प्रकारचे पाव. १५१० साली पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांना पाव हवा होता, पण तो फुगविण्याचे त्यांचे साधन येथे नव्हते. तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबविण्यात येऊ लागले. साष्टीतील, विशेषतः माजोर्ड्याच्या लोकांनी ही विद्या आत्मसात केली आणि पुढे त्यांचे वंशज भट्ट्या घालण्यासाठी मुंबई-पुण्यापर्यंत गेले. नंतर विंदालू. यातील 'आलू' पाहून उत्तरेकडील आचारी त्यात बटाटे घालतात. परंतु मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ द्राक्षमद्य आणि लसूण. द्राक्षमद्याची जागा सुरेच्या शिरक्याने घेतली आणि त्यात मिरची पडली. ती मिरचीही पोर्तुगीज जहाजांतूनच आलेली. तिचे माहेर अमेरिका खंड. बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू यांचेही तेच. त्याच मेजावर शागोती होती, भाजलेल्या खोबऱ्याची. ती पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनच्या हिंदू स्वयंपाकघराची देणगी. सुरेने फुगविलेल्या सान्ना होत्या, त्या आपल्या तांदळाच्या. एका ताटात तीन खंड नांदत होते आणि भांडत नव्हते.

भाषेचेही तसेच आहे. पाव, बटाटा, कोबी, हापूस, चावी, बादली, घमेले, पगार, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांनी मराठीला दिले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच भाषेने आपल्याला आणखी एक शब्द दिला, तो सहसा कोणी सांगत नाही. तो शब्द 'तुरुंग'.

जेवणानंतर आम्ही त्याच वस्तीतील संत सेबास्तियनच्या कपेलात प्रार्थनेस गेलो. तेथे एक मोठा क्रूस आहे. सामान्यतः क्रुसावरील प्रभूची मान कललेली आणि नेत्र मिटलेले असतात. येथे मान ताठ आहे आणि नेत्र उघडे आहेत. हा क्रूस जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मसमीक्षण सभेच्या, प्रासादात होता. आरोपी ज्या दालनात उभे केले जात, तेथे तो त्यांच्याकडे पाहत असे. सभा बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आणण्यात आला आणि १९१८ साली या कपेलात आला. गल्लीतील ती मेजे येथून काही पावलांवर आहेत.

गोव्यात ही सभा १५६० साली स्थापन झाली. १७७४ साली ती बंद झाली, चारच वर्षांत पुन्हा सुरू झाली आणि १८१२ साली कायमची संपली. म्युनिकच्या राजाने झाडाखालच्या बाकांचा निवाडा दिला, ते हेच वर्ष. तिचा अंमल केवळ गोव्यावर नव्हता. आपल्या वसई-चौलपर्यंत तो पोहोचत होता. खारघरहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल अशा रेवदंड्याच्या तटात आज माडांच्या वाड्या आणि भग्न चर्च आहेत. १७४० साली मराठ्यांकडे जाईपर्यंत ते पोर्तुगीजांचे नांदते शहर होते. तेथील नवख्रिस्ती घरांनाही ह्या सभेचे भय होते.

आणि भय कशाचे? केवळ मोठ्या पाखंडाचे नव्हे. १७३६ सालच्या फर्मानात बारीकसारीक चालीरीतींची यादीच आहे. लग्नात पाने, सुपारी, फुले वाटण्यास मनाई. अंगणात तुळस लावण्यास मनाई. आणि भात मीठ न घालता शिजवून मागाहून वरून मीठ घेण्यासही मनाई, कारण हिंदू तसे करतात. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ही हकीकत आधुनिक वाचकांपुढे आली. मीठ भातात आधी पडले की मागाहून, एवढ्यावरून गृहिणीच्या श्रद्धेची परीक्षा! आपल्या पूर्वजांच्या चुलीपाशी परका डोळा बसविला गेला होता, आणि तो प्रभूच्या नावाने बसविला गेला होता. धर्मगुरू म्हणून हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण अडखळली तरी तिने लिहिलेच पाहिजे. अशा घरात जेवताना प्रथम दार लावून घेतले जाणार. मेज गल्लीत येणार कसे?

तथापि सर्व दोष त्या एका सभेच्या माथी मारून मोकळे होणे हे सत्याला धरून होणार नाही. दाराच्या दुसऱ्या बाजूसही पहारा होताच. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत कोकणात खोलवर रुजली होती. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या दंतकथा आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. कथा खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एक गोष्ट मान्य होती: शेजाऱ्याच्या हातचे पाणी पिऊन माणूस कायमचा परका होऊ शकतो. परके करणारे जसे होते, तसे परके झालेल्याला परत न घेणारेही होते.

ही गोष्ट फार जुनी म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास हात लावला नाही. पण गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. महाराष्ट्राच्या अग्रणी पुरुषांना एका पेला चहाचा जाब द्यावा लागला. मग सामान्याने रस्त्यात मेज मांडून कोणाबरोबरही जेवण्याचे धाडस कोठून करावे?

आणि आता महाड. आम्ही ज्या गावाच्या वेशीवर चहा घेऊन पुढे निघालो, त्याच गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. पाणी पिऊन मंडळी मांडवाकडे परतली. इतक्यात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमाव लाठ्या घेऊन धावून आला. पुष्कळ प्रतिनिधी परतीच्या वाटेला लागले होते. काही जण मांडवात जेवत होते. त्यांना मारहाण झाली, त्यांचे अन्न उधळले गेले, मातीत मिसळले गेले. उघड्या आभाळाखालचे ते जेवण होते. कोणाच्या घरात, कोणाच्या देवळात ते बसले नव्हते. सर्वांच्या डोळ्यांसमोर, भय न बाळगता ते जेवत होते. त्यांचा अपराध तेवढाच.

लिस्बनच्या छायाचित्राकडे पाहून त्या मुलीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. आपल्याकडे मेज रस्त्यात आले नाही, कारण रस्ताच सर्वांचा नव्हता.

येथे कोणी म्हणेल, आपण ख्रिस्ती लोकांत तरी हा भेद नव्हता. तसे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! गोव्यातील ख्रिस्तसभेत बामण, चार्दो, सुदिर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले. कित्येक चर्चमधील बंधुसंघ विशिष्ट जातीपुरतेच राखलेले होते. अंगावरचा झगा कोणी कोणत्या रंगाचा घालावा, मिरवणुकीत पुढे कोण, यांवरून कलह झाले. एका वेदीवरील भाकर घेणारे हात जेवणाच्या मेजावर वेगळे झाले. हे दुखणेही नवे नाही. अंत्युखिया नगरात संत पेत्र परजातीयांबरोबर जेवत असत. यरुशलेमहून काही माणसे आली आणि त्यांच्या धाकाने ते जेवावयाचे थांबले. संत पौलाने त्यांना तोंडावर दोष दिला. ख्रिस्तसभेतील पहिल्या मोठ्या वादांपैकी एक वाद कोणी कोणाबरोबर जेवावे याविषयी होता, ही गोष्ट आम्ही सेमिनरीत वाचली होती, परीक्षेत लिहिली होती. समजली मात्र फोंताईन्यासच्या गल्लीत.

आमचे खारघर हे अगदी नवे गाव. सिडकोने येथे वसाहत उभारली, त्याआधी डोंगराच्या कुशीत कोपरे, बेलपाडे, ओवे, मुर्बी अशी आगरी-कोळी लोकांची गावे होती. आमच्या धर्मग्रामात वसईचे आहेत, गोव्याचे आहेत, मंगळूरचे, केरळचे, अहिल्यानगरकडचे आहेत. येथे कोणाचे पूर्वापार मानपान नाहीत. म्हणून आमच्या सणाचे जेवण आम्ही चर्चच्या आवारात, मांडवाखाली लांब मेजे मांडून करतो, आणि सर्व जण एकत्र बसतात, असे आम्ही मोठ्या समाधानाने सांगत आलो होतो.

गोव्याहून परतताना रात्रीच्या प्रवासात आम्हांस झोप आली नाही. महाडजवळ गाडीचा वेग कमी झाला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे गेल्या सणाचे दृश्य उभे राहिले. मेजावर आम्ही आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. पाहुणे बसले, मुले बसली. आणि आवाराच्या मागच्या बाजूस, नळाजवळच्या ओट्यावर, आवार झाडणाऱ्या बाई, पहारेकरी आणि भांडी उचलणारी दोन पोरे आमचे जेवण संपण्याची वाट पाहत बसली होती. हे आम्ही त्या दिवशी पाहिले होते. पाहून पुढच्या मेजावर जाऊन बसलो होतो. पंक्तिप्रपंच हा शब्द आम्हांस तेव्हा आठवला नव्हता.

यंदाच्या सणाच्या तयारीत आम्ही हा विषय पॅरिश कौन्सिलपुढे मांडला. "त्यांनाच संकोच वाटतो, फादर. आम्ही कधी नाही म्हटले?" असे एक सद्गृहस्थ म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. चर्चा लांबली, अखेर ठरले की वाढण्याचे काम घराघराने वाटून घ्यावे आणि आवारातील प्रत्येक माणसाने एकाच वेळी मेजावर बसावे.

सणाच्या दिवशी बाई आल्या. बाकाच्या अगदी टोकाला बसल्या. ताट त्यांनी प्रथम मांडीवरच घेतले होते. छायाचित्र दाखविणाऱ्या त्या माउलीने ते उचलून मेजावर ठेवले. तिची मुलगी शेजारी सरकून बसली. जेवण झाल्यावर सर्व ताटे एका टोपलीत जाऊ लागली, तेव्हा बाई आपले ताट हातात धरून आमच्यापाशी आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "फादर, माझे मी वेगळे धुऊन ठेवू का?"

आम्ही ते ताट त्यांच्या हातून घेतले आणि टोपलीत इतर ताटांमध्ये ठेवले. दुसरे उत्तर आम्हांस सुचले नाही.